ढील द्या, दोरा बघा: प्लॅस्टिकच्या गांडुळावर बास लावण्याची हलक्या हाताची रीत

न्यू जर्सीतल्या मर्सर लेकवर जूनमधल्या शनिवारी सकाळी सात वाजता पोचलात, तर काठावरची एकही चांगली जागा कोरी मिळत नाही. आजूबाजूला दाट वस्ती, सगळ्यांना सुट्टी एकाच दिवशी. तिथल्या बास माशांनी गरगरणारी पाती, खुळखुळणारे नकली मासे, चमकणारे पत्रे, सगळं बघून झालेलं असतं. शेजारचा माणूस तासभर जोरात फेकून रिकाम्या हाताने निघून जातो आणि त्याच जागी पाच इंची प्लॅस्टिकचं गांडूळ नुसतं बुडू दिलं की मासा लागतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की गर्दीच्या तळ्यावर आता दुसरं आमिष क्वचितच काढते.

अमेरिकेत ह्या पद्धतीला फिनेस म्हणतात. बारीक दोरा, लहान गळ, जेमतेम वजन आणि आवरलेला हात. माझं बालपण चिपळूणचं. काकांबरोबर वाशिष्ठीवर गरवायला जायचे तेव्हा बांबूची काठी, तंगूस, गरी आणि डब्यात ओल्या मातीत ठेवलेली खरी गांडुळं असायची. तिथली चिकाटी इथे उपयोगी पडते, पण एक सवय मोडावी लागते. खरं गांडूळ मासा गिळेपर्यंत धीर धरता येतो. प्लॅस्टिकचं गांडूळ तो तोंडात घेतो, हे काही खाणं नव्हे हे त्याला कळतं आणि तो ते थुंकून टाकतो. तेवढ्या क्षणांत तुम्हाला ते समजलं पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. लार्जमाउथ बास आपलं मोठं तोंड झटकन उघडतो, आत पोकळी तयार होते आणि पाण्याबरोबर समोरची वस्तू ओढली जाते. तो दरवेळी चावा घेत नाही, बऱ्याचदा भुरकतो. दोरा ताठ असेल तर गांडूळ त्या पाण्याबरोबर आत जात नाही, ओठाशीच अडतं, आणि हाताला नुसती टिचकी जाणवते. दोऱ्याला थोडी ढील असेल तर ते सरळ तोंडात जातं. शिवाय ढिलीवर बुडणारं गांडूळ स्वतःहून डुलतं. ताठ दोऱ्यावर ते लंबकासारखं काठाकडे झुलत येतं आणि तिथेच फसतं. पतंग उडवलेल्या माणसाला ढील म्हणजे काय हे सांगायला नको. इथे तीच खाली पाण्यात द्यायची आहे.

सामान

सहा फूट दहा इंच ते सात फूट लांबीचा स्पिनिंग रॉड घ्या. ताकद मीडियम-लाइट किंवा मीडियम, आणि टोक फास्ट, म्हणजे फक्त वरचा भाग वाकणारा. रील २५०० आकाराचं. रॉड महागडा नसला तरी चालेल, पण फार लवचीक घेऊ नका. लिबलिबीत टोकातून तळाचा निरोप हातापर्यंत येत नाही.

खरी काळजी दोऱ्याची. रीळवर १० पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारा, वेणीचा दोरा, ज्याला ब्रेड म्हणतात, तो भरा. भडक पिवळा घ्या. अनेकजण हिरवा किंवा करडा घेतात, माशाला दिसू नये म्हणून. पण ह्या पद्धतीत निम्मे मासे हाताला कळण्याआधी डोळ्यांना कळतात, त्यामुळे दोरा तुम्हाला दिसणं जास्त गरजेचं आहे. माशासाठी पुढे आठ-दहा फूट फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा दोऱ्याचा तुकडा, जोडा, ६ किंवा ८ पौंडी. तो पाण्यात कमी दिसतो, दगडावर घासला तरी बऱ्यापैकी टिकतो आणि बुडतो. दोन्ही दोरे डबल युनि गाठीने जोडा. ब्रेड गुळगुळीत असतो, म्हणून रीळवर आधी साध्या तंगूसाचे दहा-बारा वेढे द्या. नाहीतर मासा ओढायला लागला की अख्खा दोरा रीळवर गोल फिरत राहतो.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा सोडणारा रीळचा ब्रेक, सैल ठेवा. ८ पौंडी लीडर असेल तर दोन पौंडांच्या आसपास ओढल्यावर दोरा सुटायला हवा. आणि फेकल्यावर रीळची कडी हाताने बंद करा, हँडल फिरवून नव्हे. दोऱ्याला पीळ बसणं ह्यानेच पुष्कळ कमी होतं.

पहिलं शिका ते वॅकी

गळ, गांडूळ आणि वजन जोडण्याच्या मांडणीला रिग म्हणतात. सुरुवात वॅकी रिगने करा. गॅरी यामामोतो यांच्या सेन्को ह्या गांडुळाने १९९०च्या दशकापासून ही रीत घरोघरी नेली. पेन्सिलीसारखं साधं, पाच इंची, ना शेपटी ना पाय. त्याच्या प्लॅस्टिकमध्ये मीठ भरलेलं असतं, त्यामुळे शिसं न लावताही ते आडवं बुडतं आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. दुसऱ्या कंपन्यांचीही अशी गांडुळं मिळतात, चालतात.

गांडुळाच्या बरोबर मध्यावर रबराची छोटी रिंग सरकवा. गळ रिंगखालून घाला, म्हणजे प्लॅस्टिक फाटत नाही आणि एक गांडूळ चार-पाच माशांना पुरतं. गळ १ किंवा १/० नंबरचा, बारीक तारेचा. पाण्यात फांद्या असतील तर तोंडाशी तारेची आड असलेला घ्या.

आता फेका. लांब फेकण्याचा अट्टाहास नको. बोटींचा धक्का, शेवाळाची कड, पाण्यात पडलेलं झाड, अशा एखाद्या ठिकाणापासून हातभर अंतरावर टाका. पाण्याला लागलं की कडी बंद करा आणि रॉडचं टोक गांडुळाच्या दिशेने खाली आणा. दोऱ्याला हलका झोल राहू द्या. मनात आकडे मोजा. पहिल्या फेकीला तळ किती आकड्यांवर लागला ते लक्षात ठेवा, उदाहरणार्थ नऊ. पुढच्या फेकीला पाचवरच दोरा सैल पडला, तर तळ वर आलेला नाही. मधल्या पाण्यात कोणीतरी गांडूळ धरलंय.

तळाला लागल्यावर दहा सेकंद काहीच करू नका. नव्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं. मग टोक हळूच दोन-अडीच फूट उचला आणि पुन्हा ढील देत खाली न्या. असं तीनदा-चारदा, मग गुंडाळून नवी फेक. अर्ध्याहून जास्त मासे पहिल्या बुडण्यातच लागतात, म्हणून गांडूळ पार पायापर्यंत खेळवत आणण्यापेक्षा नव्या जागी फेकणं फायद्याचं.

चावा ओळखणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे. लोक रिगवर तासन् तास बोलतात आणि चाव्यावर कोणी बोलत नाही.

‘टक्’ असा ठोका जाणवणं हा सोपा चावा. बाकीचे असे: पाण्यावर पडलेला पिवळा दोरा एकदाच इंचभर उडी मारतो. दोरा वाऱ्याच्या उलट दिशेला सरकू लागतो. बुडता बुडता मध्येच थांबतो. किंवा टोक उचलताना पलीकडे ओलं फडकं अडकल्यासारखं लिबलिबीत वजन लागतं. हे शेवटचं शेवाळही असू शकतं. फरक असा की शेवाळ ओढलं की ताणत ताणत सुटतं. मासा असेल तर वजन किंचित बाजूला हलतं. खात्री नसेल तर मासाच आहे असं धरा. त्यात तुमचं काही जात नाही.

सरावासाठी घरातली युक्ती सांगते. गळाविना गांडूळ दोऱ्याला बांधून लांब खोलीच्या पलीकडे ठेवा. दोऱ्याला ढील देऊन डोळे मिटून बसा आणि घरातल्या कोणाला तरी ते कधी चिमटीत उचलायला, कधी सोडायला, कधी नुसतं बाजूला सरकवायला सांगा. माझी मुलगी हे आवडीने करायची. दोन संध्याकाळी केलंत तर तळ्यावरचा पहिला महिना वाचेल.

चावा कळला की झटका देऊ नका. मी लहानपणी काठी खांद्यावरून मागे खेचायला शिकले होते, आणि इथे लागलेल्या पहिल्या मोठ्या बासवर तेच केलं. ६ पौंडी लीडर गाठीपाशी तुटला आणि मासा गळ घेऊन गेला. त्याच्या तोंडात गळ राहिला ह्याचं मला आजही वाईट वाटतं. बरोबर कृती अशी: टोक खाली ठेवून ढील पटकन गुंडाळा, वजन लागलं की रॉड बाजूला, कमरेच्या उंचीवर, लांब ओढीने सरकवा, आणि गुंडाळणं थांबवू नका. बारीक तारेचा धारदार गळ तेवढ्यात रुततो. फार वाट बघणंही चूकच, कारण वॅकीवर बास कधी कधी गांडूळ घशापर्यंत नेतो. खोल गेलेला गळ उपटू नका. दोरा गळाजवळ कापून मासा सोडा. त्याची जगण्याची शक्यता त्यात जास्त असते.

नेड रिग: दगडांवर आणि थंडीत

नेड केडी हे कॅन्सासचे पत्रकार. तिकडच्या जलाशयांवर अगदी लहान आमिषांनी मासे लावण्याची जी जुनी परंपरा आहे, तिच्यावर ते वर्षानुवर्षं लिहीत आले, आणि रिगला त्यांचंच नाव पडलं. छत्रीसारख्या चपट्या डोक्याचा जिग, म्हणजे डोक्याशी वजन जडवलेला गळ, वजन १/१६ किंवा १/१० औंस, म्हणजे दोन-तीन ग्रॅम. त्यावर पावणेतीन इंची बोटुकलं गांडूळ. दिसायला अगदीच किरकोळ. पण ते ज्या ताणल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकचं असतं ते पाण्यावर तरंगतं, त्यामुळे डोकं तळाला टेकलं तरी शेपूट उभं राहून हलत राहतं. खडक उकरणाऱ्या लहानग्या प्राण्यासारखं.

एक सूचना मनावर घ्या. हे तरंगणारं प्लॅस्टिक साध्या प्लॅस्टिकच्या गांडुळांबरोबर एका डब्यात ठेवू नका. दोन्ही विरघळून चिकट गोळा होतो. मूळ पिशवीतच ठेवा.

गांडूळ सरळ चढवणं महत्त्वाचं. गळ गांडुळाला समांतर धरून वाक कुठे येतो ती खूण नखाने करा, टोकातून मधोमध सुई ओवल्यासारखा गळ नेत खुणेवर बाहेर काढा. वाकडं बसलं तर काढून पुन्हा चढवा. वाकडं गांडूळ गोल फिरतं आणि दोऱ्याला पीळ घालतं.

बांधावरचं दगडी पिचिंग ही ह्याची हक्काची जागा. फेका, तळाला जाऊ द्या, फूटभर ओढा, थांबा. पुन्हा ओढा, थांबा. नोव्हेंबरनंतर पाणी गार झालं की थांबणं वीस सेकंदांपर्यंत वाढवा. दगडात अडकलं तर ओढाताण नको; दोरा सैल सोडून टोक टिचक्यांनी हलवा, बऱ्याचदा आपोआप सुटतं. तरीही काही जिग जाणारच. खिशात जास्तीचे ठेवा.

शेकी हेड

गोल डोक्याचा १/८ औंसी जिग आणि पाच-सहा इंची सरळ शेपटीचं गांडूळ. गांडुळाच्या तोंडात गळाचं टोक अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने बाहेर काढा, गळ फिरवून पुन्हा पोटातून आरपार न्या आणि टोक पाठीच्या सालीत हलकेच लपवा, म्हणजे काटक्यांत अडकत नाही. तळाला टेकलं की नाव ‘शेकी’ असलं तरी जोरात हलवायचं नाही. रॉडच्या टोकाने दोऱ्याचा झोल तेवढा थरथरवा. शिसं जागचं हलता कामा नये. उभं राहिलेलं शेपूट मात्र डुललं पाहिजे. जमलं की नाही हे पायाशी स्वच्छ पाण्यात टाकून बघता येतं, आणि एकदा तरी बघाच.

टंगस्टनचं डोकं परवडत असेल तर घ्या. टंगस्टन शिशाच्या दीडपट-पावणेदोनपट घन असतं, म्हणून तेवढ्याच वजनाला डोकं लहान राहतं, आणि कठीण असल्याने दगड, चिखल, लाकूड हा फरक हाताला स्पष्ट कळतो. काही राज्यांत, जसं न्यू हॅम्पशायरमध्ये, छोट्या शिशाच्या वजनांवर बंदीच आहे, कारण लून पक्षी ती गिळून मरतात.

ड्रॉप शॉट: खोल आणि नितळ पाण्यात

राउंड व्हॅलीसारख्या खोल, नितळ जलाशयावर मासा तळापासून फूट-दीड फूट वर तरंगत असतो. तिथे जपानहून आलेली ही रीत कामाला येते. गळ वर, वजन खाली.

लीडर दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवा. त्या दुहेरी दोऱ्याची सैल साधी गाठ मारा, तयार झालेल्या फासातून अख्खा गळ काढा, ओला करून ओढून घट्ट करा. ही पालोमार गाठ. उरलेलं टोक दीड-दोन फूट लांब ठेवा आणि गळाच्या अणीच्या बाजूने परत डोळ्यातून खाली ओवा. दोरा ताठ केला की गळ अणी वर करून काटकोनात उभा राहतो. राहिला नाही तर टोक उलट बाजूने ओवलं गेलंय. खाली १/४ औंसाचं वजन लावा. गळ लहान, १ किंवा २ नंबर, आणि चार इंची बारीक गांडूळ फक्त नाकात टोचा.

बोटीवरून सरळ खाली सोडा. वजन तळाला ठेवून दोरा कधी ताठ, कधी अर्धा इंच सैल, एवढंच. काठावरून फेकत असाल तर दोरा तिरका होतो आणि गळ तळाजवळ येतो, म्हणून वजनापासूनचं अंतर थोडं वाढवा.

नेको रिगबद्दल एवढंच सांगते: वॅकीच्याच गांडुळाच्या एका टोकात खिळ्यासारखं छोटं वजन खुपसायचं, म्हणजे ते नाकावर बुडतं आणि तळाला टोचे मारतं. वॅकी जमल्यावर हे तासाभरात जमतं.

केव्हा काय, आणि केव्हा नको

वसंतात पाणी १५ ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आलं की बास उथळ पाण्यात घरटी करतात आणि नर त्यांची राखण करतो. त्या दिवसांत वॅकीवर मासा सहज लागतो, फार सहज. मी घरट्यावर दिसणाऱ्या माशाला गळ टाकत नाही. नर वर आला की अंडी खायला दुसरे मासे टपलेलेच असतात. उन्हाळ्यात पहाटे शेवाळाच्या कडेला वॅकी, ऊन चढल्यावर धक्क्यांच्या सावलीत शेकी हेड. हिवाळ्यात नेड.

रंगांचा फार विचार करू नका. नितळ पाण्यात हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्यात काळा-निळा. ह्या दोन पिशव्यांवर वर्ष निघतं.

दाट शेवाळाचा गालिचा असेल, पावसाने पाणी चहासारखं झालं असेल किंवा वारा इतका असेल की दोऱ्याचा झोल दिसतच नाही, तर हलका हात सोडा. जाड दोरा, जड वजन घ्या. दिसत नसलेल्या दोऱ्यावर फिनेस करणं म्हणजे अंधारात सुई ओवणं.

परवाना आणि मासा

न्यू जर्सीत १६ ते ६९ वर्षांच्या माणसाला गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो. जून आणि ऑक्टोबरमध्ये एकेक शनिवार मोफत मासेमारीचा असतो; भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्या दिवशी त्यांच्या हातात रॉड द्यायला छान संधी आहे. वसंतात विणीच्या काळात बास धरला तरी लगेच सोडावा लागतो. तारखा आणि मापं राज्याच्या दरवर्षीच्या पुस्तिकेत बघूनच निघा.

“खाता येतो का?” हा आपल्या लोकांचा पहिला प्रश्न. येतो. पण बास हा इतर मासे खाणारा मासा, त्याच्या अंगात पारा साठतो, आणि किती खावा ह्याच्या आरोग्यविषयक सूचना राज्य देतं. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी त्या जास्त कडक असतात. मी सगळे सोडते. हात ओले करून खालचा जबडा अंगठ्याने धरा, मोठा मासा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या, आडवा लटकवून जबड्यावर सगळं वजन टाकू नका. फोटो एक.

आणि हा मासा हौसेने आपल्याकडच्या धरणात सोडण्याचा विचारही करू नका. जपानच्या बिवा सरोवरात २००९ साली २२ पौंडांहून मोठा, जागतिक विक्रमाच्या बरोबरीचा बास मिळाला. पण त्याच देशात बास उपद्रवी परका मासा ठरला आहे, कारण तो तिथले मूळचे मासे खातो.

निघण्याआधी दोन कामं करा. लीडरचा शेवटचा दोन फूट भाग दोन बोटांत धरून सरकवा. खरखरीत लागला तर तेवढा कापून गाठ नव्याने बांधा, आत्ताच, घरी गेल्यावर नाही. फाटलेली गांडुळं पाण्यात टाकू नका. मासे ती गिळतात आणि ती त्यांच्या पोटात फुगून बसतात. मी एक रिकामी औषधाची बाटली बरोबर ठेवते. स्वतःची गांडुळं तर त्यात जातातच, काठावर दुसऱ्यांनी टाकलेलीही जातात, आणि भरायला दोन फेऱ्या पुरतात.